पेढे वाटण्याआधी एक ईमेल

प्रिय,

बाहेरच्या संस्थेची पाच हजार डॉलरची स्कॉलरशिप मिळाली हे वाचून खूप बरं वाटलं. पण पुढच्याच ओळीत ‘आता बाबांना तेवढे कमी भरावे लागतील’ असं लिहिलंयस, तिथे मी अडखळले. बहुधा तसं होणार नाही.

तुझं एड लेटर, म्हणजे कॉलेजने आर्थिक मदतीचा हिशोब दिलेलं पत्र, काढ. कॉलेजने वर्षाचा खर्च 88,000 डॉलर धरलाय. त्यात घरचे 9,000, तुझी कॅम्पसवरची नोकरी 3,000, सुट्टीतली कमाई 1,500 आणि उरलेली 74,500 ग्रँट, म्हणजे कॉलेजची परत न करायची मदत. घरचा आकडा आईबाबांच्या ऐपतीवरून काढलेला असतो. तुला बक्षीस मिळालं म्हणून त्यांची ऐपत कुठे बदलली, असा कॉलेजचा हिशोब. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी बाहेरचे पैसे आधी तुझ्या नोकरीच्या आणि सुट्टीतल्या कमाईच्या जागी बसतात. म्हणजे 4,500 तुझे सुटले, वरचे 500 ग्रँटमधून गेले. डायनिंग हॉलमध्ये आठवड्याला आठ-दहा तास ट्रे विसळण्यातून सुटका, हेही काही थोडं नाही.

काही कॉलेजं मात्र पहिल्या डॉलरपासून ग्रँटच कापतात. माझ्या कॉलेजने तेच केलं. इकडे पेढे वाटून झाले आणि ऑगस्टमध्ये सुधारित लेटर आलं: ग्रँट नेमकी तेवढीच कमी. नियम वेबसाइटवर होता, मीच वाचला नव्हता. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने 2017 मध्ये सरकारी कॉलेजांच्या अशा कापाकापीला कायद्याने चाप लावला, पुढे न्यू जर्सीनेही. पण तुझं कॉलेज त्या राज्यांतलं नाही.

लपवायचा विचारही नको. चेक बहुतेक वेळा थेट कॉलेजकडेच जातो आणि कळवणं तुझ्यावर बंधनकारक असतं.

आजच एड ऑफिसला ईमेल टाक. आधी काय कमी करता, हे सरळ विचार. तुझ्या लेटरमध्ये हेल्थ इन्शुरन्स आणि लॅपटॉप धरलेला दिसत नाही; ते खर्चात धराल का, तेही विचार. खर्च वाढला तर स्कॉलरशिपला तिथे जागा मिळते. आणि देणाऱ्या संस्थेला विचार, रक्कम दोन वर्षांत विभागून देतील का? दर वर्षी 2,500 आले तर ते 4,500 च्या आत बसतात, ग्रँटला धक्का लागत नाही.

उत्तर आलं की मला फॉरवर्ड कर. बाबांना आकडा त्यानंतरच सांग.

तुझी,
ताई