वाचकांचे प्रश्न : मोटारींविना फ्रान्सच्या खेड्यांतून

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही पन्नाशी ओलांडलेले आहोत. रविवारी पहाटे मुळशी रस्त्याने सायकल चालवतो. पण सात वाजून गेले की मागून येणाऱ्या गाड्यांमुळे जीव मुठीत धरावा लागतो. मुलगी पॅरिसमध्ये नोकरीला आहे आणि येत्या जूनमध्ये आम्ही तिच्याकडे जाणार आहोत. त्यातला एक आठवडा फ्रान्सच्या ग्रामीण भागात, मोटारी अजिबात नसतील अशा खडीच्या रस्त्याने सायकल चालवण्याची इच्छा आहे. मिदी कालव्याचे नाव सगळीकडे वाचायला मिळते. तोच निवडावा का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मार्ग किती प्रसिद्ध आहे यापेक्षा तो कोणत्या वर्गात मोडतो आणि त्याचा पृष्ठभाग कसा आहे, हे आधी पाहावे. फ्रान्समध्ये लांब पल्ल्याच्या सायकलमार्गांना सरसकट ‘व्हेलोरूत’ म्हणतात. त्यांत कमी वर्दळीचे डांबरी रस्तेही धरलेले असतात, त्यामुळे अधूनमधून मोटारी भेटणारच. ‘व्हुआ व्हेर्त’ म्हणजे हरितमार्ग हा मात्र 2004 पासून तिथल्या वाहतूक नियमांत नोंदलेला वेगळा वर्ग असून तो पादचारी, घोडेस्वार आणि बिगरमोटार वाहने यांच्यासाठीच राखीव असतो. असे बहुतेक मार्ग बंद पडलेल्या लोहमार्गांवर किंवा कालव्यांच्या काठी, जिथून पूर्वी घोडे नावा ओढत नेत, त्या वाटांवर तयार झाले आहेत. ज्या अभियंत्यांनी ते आखले त्यांना चढ परवडणारे नव्हते, आणि त्याचा फायदा आज पन्नाशीतल्या गुडघ्यांना मिळतो. सगळेच हरितमार्ग खडीचे असतात असे मात्र नाही. बरगंडीतला जिव्री ते क्लुनी हा 1997 साली खुला झालेला मार्ग देशातला पहिला मानला जातो आणि तो पूर्ण डांबरी आहे.

आता मिदी कालव्याविषयी. पिएर-पॉल रिके याच्या देखरेखीखाली 1666 ते 1681 या काळात खोदलेला, तूलूझपासून भूमध्य समुद्राकाठच्या सेतपर्यंत 240 किलोमीटर जाणारा हा कालवा 1996 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि तो पाहण्यासारखा आहे यात शंका नाही. पण सायकलसाठी पहिली निवड म्हणून मी तो सुचवणार नाही. तूलूझ सोडल्यावर सुमारे 50 किलोमीटर गुळगुळीत डांबर आहे. त्यापुढे अनेक टप्प्यांत वाट अरुंद होते आणि काठच्या प्लेन वृक्षांची (चिनाराच्या जातीची झाडे) मुळे मातीतून वर आलेली असल्याने हँडलला सतत हादरे बसतात. शिवाय 2006 साली या झाडांवर बुरशीजन्य रोग आढळला आणि तेव्हापासून हजारो झाडे तोडावी लागली, त्यामुळे छायाचित्रांतली गर्द सावली सर्वत्र उरलेली नाही. दक्षिणेतले ऊन कमी लेखू नये.

आपल्यासाठी फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांतातला नाँत–ब्रेस्त कालवा अधिक योग्य ठरेल. ब्रेस्त बंदराची इंग्रजी आरमाराने केलेली कोंडी टाळून आतल्या आत रसद पोहोचवता यावी, म्हणून नेपोलियनच्या काळात, 1811 साली, याचे काम सुरू झाले. तो पुरा होईपर्यंत 1842 साल उजाडले आणि तोवर ज्या युद्धासाठी तो खोदला ते केव्हाच संपले होते. एकूण 364 किलोमीटरांचा हा कालवा एका आठवड्यात संपवण्याची घाई करू नये. रेदों ते पाँतिव्ही हा सुमारे 110 किलोमीटरांचा भाग घ्यावा. रेदोंला पॅरिसहून रेल्वेने जाता येते. तिथून मालेत्रुआ, जोस्लँ आणि रोआँ या गावांवरून वाट जाते, आणि जोस्लँला किल्ल्याचे तीन गोल बुरूज थेट पाण्याच्या काठाशी उभे आहेत, म्हणून मुक्काम तिथेच करावा. पृष्ठभाग बारीक दगडी कच दाबून बसवलेला असतो. कोरड्या दिवसांत तो टणक असतो आणि चाकाखाली नुसता करकर वाजतो. पावसानंतर मात्र साखळीवर आणि मडगार्डच्या आत राखाडी लगदा चिकटून बसतो, तो रोज संध्याकाळी धुऊन काढावा लागतो.

या वाटेवर चढ कुठे लागतो, तर लॉकपाशी. दोन दरवाजांमध्ये पाणी भरून नाव वरच्या पातळीवर नेणारी ही व्यवस्था जिथे असते, तिथे काठची वाटही पाण्याबरोबर वर चढते. वीस-तीस मीटर लांबीचा छोटासा चढ, मग पुन्हा सपाट. रोआँ ते पाँतिव्ही या जेमतेम 25 किलोमीटरांच्या अंतरात असे पन्नासच्या आसपास लॉक एकामागून एक आहेत, कारण इथे कालवा दोन खोऱ्यांमधली उंच डोंगरधार ओलांडतो. धारेवर पाणी नैसर्गिकरीत्या येणार कुठून, हा प्रश्न सोडवण्यासाठी बोस्मेलेआक येथे बंधारा घालून तिथून वळणे घेत येणारा 60 किलोमीटरांहून लांब असा पाट खणला गेला. इल्व्हर्नचा पाट म्हणून तो ओळखला जातो आणि त्याच्या कडेनेही आज चालण्या-फिरण्याची वाट आहे. हौस असेल तर अर्धा दिवस तिकडे द्यावा.

पाँतिव्हीबद्दल एक सावधगिरीची सूचना. तिथे प्रवासी रेल्वे जात नाही आणि सायकलसह बसने परतण्याच्या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही. त्याऐवजी दक्षिणेकडे वळून ब्लाव्हे नदीच्या काठाने सुमारे 60 किलोमीटर एनबोंपर्यंत यावे. ही वाटही नदीबरोबर उतरत जाणारी, बहुतांशी खडीचीच आहे. एनबोंहून रेल्वेने लोरियाँ, आणि लोरियाँहून थेट पॅरिस. जूनमध्ये ब्रिटनीत रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर एवढाच बेत ठेवला तरी कुठेही धावपळ होणार नाही. वाट जिथे डांबरी रस्ता ओलांडते तिथे मोटारी शिरू नयेत म्हणून लाकडी अडसर लावलेले असतात. त्यांच्यामधली फट सायकलपुरतीच असते. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना फुगलेल्या बॅगा असतील तर त्या हमखास अडकतात, म्हणून अशा ठिकाणी उतरून चालावे हे बरे. कालव्याच्या देखभालीची गाडी क्वचित समोरून येऊ शकते, पण ती बैलगाडीच्या वेगाने येते.

प्रश्न : मी तिशीतला असून घाटात नियमित सायकल चालवतो. कालव्याकाठची सपाटी मला कंटाळवाणी वाटेल. खडीचा पण चढाचा मार्ग सुचवावा. नकाशावर दिसणाऱ्या शेतातल्या आणि जंगलातल्या कच्च्या वाटांवर सरळ शिरता येते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : फ्रान्सच्या आग्नेयेकडच्या आर्देश भागातली ‘दोल्चे व्हिया’ पाहावी. रोन नदीकाठच्या ला व्हूल्त गावापासून एरिय नदीच्या खोऱ्यातून वर जाणारा हा मार्ग 1968 साली बंद झालेल्या अरुंद रुळांच्या रेल्वेवर बांधलेला आहे. फाट्यांसह त्याची लांबी सुमारे 90 किलोमीटर भरते. सँताग्रेव्हला पोहोचेपर्यंत आपण हजार मीटरांच्या उंचीवर आलेले असतो; चढ रेल्वेचा असल्याने तीव्र नाही, पण तो संपतही नाही. बोगदे, दगडी पूल आणि उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेली जुनी शेते असा तो सारा प्रदेश आहे. याहून रानटी हवे असेल तर ओ-लांगदोकमधला बेदारिय ते माझामे हा सुमारे 80 किलोमीटरांचा जुना लोहमार्ग आहे. कूर्न्यूजवळच्या त्याच्या लांब बोगद्यात भर दुपारीही गारठा असतो, तेव्हा दिवा आणि जाकीट हाताशी ठेवावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ ‘होय’ असे देता येत नाही. गावाच्या मालकीची ग्रामीण वाट सर्वांना खुली असते. शेतीच्या वहिवाटीची वाट मात्र लगतच्या जमीनमालकांची असते आणि ते ती बाहेरच्यांसाठी बंद करू शकतात. आपल्याकडच्या पाणंद रस्त्यांवरून गावोगाव जे वाद चालतात, ते आठवले की हा फरक लगेच लक्षात येईल. अडचण अशी की दोन्ही वाटा नकाशावर सारख्याच दिसतात, म्हणून जागेवरच्या फलकावर विश्वास ठेवावा. फेब्रुवारी 2023 च्या कायद्यानुसार, खासगी असल्याची खूण स्पष्टपणे लावलेल्या ग्रामीण किंवा वनजमिनीत शिरणे दंडनीय आहे. सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असतो. त्या काळात ‘शास आं कूर’ असा फलक दिसला, तर शिकार चालू आहे असे समजून मागे फिरावे. भडक रंगाचे जाकीट त्या दिवसांत अंगावर हवेच.

प्रश्न : सायकल येथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? टायर कोणते हवेत? रेल्वेत सायकल चढवू देतात का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आठवडाभरासाठी भाड्याने घ्यावी. दाबलेल्या खडीला 35 ते 40 मिलिमीटर रुंदीचे टायर पुरतात. हवा मात्र डांबरी रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवावी, हादरे बरेच कमी होतात. टीईआर या प्रांतिक गाड्यांत सायकल बहुधा विनामूल्य नेता येते, तरी उन्हाळ्यात काही मार्गांवर आधी जागा राखून ठेवावी लागते. टीजीव्ही या अतिवेगवान गाड्यांपैकी ज्यांत सोय असते तिथे मात्र सायकलचे वेगळे आरक्षण लागते. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो. त्यातून सायकलवरचा अपघात वगळलेला नाही ना, हे पैसे भरण्यापूर्वी वाचून घ्यावे.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. खेड्यांतून खाण्यापिण्याचे कसे होईल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ब्रिटनीत फारशी अडचण पडू नये. कुट्टूच्या पिठाची ‘गालेत’ नावाची धिरडी तिथे गावोगाव मिळतात, आणि चीज, अळिंबी किंवा कांदा घालून ती मागता येतात. अंडे आणि हॅम न विचारता घातले जाण्याची शक्यता धरून ‘सां एफ, सां जांबों’ असे आधीच सांगावे. खरी अडचण वेळेची आहे. दुपारी बारा-साडेबारा ते अडीच या वेळात खेड्यातली दुकाने बंद असतात, रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याच ठिकाणी सोमवारीही ती उघडत नाहीत, म्हणून शनिवारी संध्याकाळीच दोन दिवसांचा पाव, चीज आणि फळे बॅगेत भरून ठेवावीत.

पाण्यासाठी तिथले सायकलस्वार दफनभूमीत जातात हे वाचून दचकू नये. थडग्यांवरच्या फुलांना घालण्यासाठी फाटकाजवळ किंवा भिंतीलगत नळ बसवलेला असतो आणि दफनभूमी बहुतेक प्रत्येक गावात असतेच. नळावर ‘ओ नाँ पोताब्ल’ असे लिहिलेले असेल तर ते पाणी पिऊ नये. बाटली भरून झाल्यावर नळ घट्ट बंद करावा आणि जेवायला मात्र तिथे बसू नये.