मैत्रिणीने अमेरिकेतल्या कॉलेजच्या अर्जाचा निबंध वाचायला दिलाय. ती दुखावणार नाही असा अभिप्राय कसा देऊ?

आधी पेन बाजूला ठेवून निबंध एकदा सलग वाचा. मग कुठलं वाक्य लक्षात राहिलं आणि कुठे लक्ष उडालं, एवढंच तिला सांगा. निम्मं काम तिथेच होतं.

नुसतं ‘छान आहे’ म्हटल्याने तिच्या हाती काही लागत नाही. ‘आजीच्या खानावळीत तू पहाटे भाकऱ्या थापायचीस, ते दोनच ओळींत का संपवलंस? मला अजून वाचायचं होतं,’ असं नेमकं बोट ठेवा. कॉमन ॲपच्या (अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची ऑनलाइन सोय) मुख्य निबंधाला 650 शब्दांची मर्यादा असते. त्यातले 100 ‘लहानपणापासूनच मला…’ असल्या प्रस्तावनेत गेले, तर खरी गोष्ट सांगायला जागा उरत नाही. हे मात्र तिला स्पष्ट सांगाच.

मी एकदा मित्राची वाक्यं स्वतःच नव्याने लिहून दिली होती. भाषा सुधारली, पण निबंध त्याचा राहिला नाही. त्यामुळे वाक्यं लिहून देऊ नका, प्रश्न विचारा. स्पेलिंग, व्याकरण अगदी शेवटी बघा. जो परिच्छेद उद्या कदाचित उडणार आहे, त्यातली स्पेलिंगं आज तपासून काय उपयोग?