पुदिनाफूल, कापूर आणि फिट

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या उंदरांवरच्या प्रयोगाचा आराखडा वाचला. पुदिनाफुलाने, म्हणजे मेंथॉलने, फिट आटोक्यात येते का हा विषय चांगला आहे. पण पहिल्याच पानावरचं 'नैसर्गिक, म्हणून सुरक्षित' खोडून टाक. घरात अमृतधारेची बाटली असेल तर बघ. पुदिनाफूल, ओवाफूल आणि कापूर एकत्र ठेवले की तिन्हींचे खडे आपोआप विरघळतात. त्यातला कापूरही मुळात झाडाचाच, पण लहान मुलाच्या पोटात गेला तर फिट आणतो. १९३४ मध्ये बुडापेस्टला लाडिस्लास मेडूना यांनी मनोरुग्णांना मुद्दाम फिट आणायला कापराचंच इंजेक्शन दिलं होतं. पुढे कापूर सोडून त्यांनी पेंटिलीनटेट्राझोल घेतलं. तू उंदरांना फिट आणायला वापरणार आहेस ते पीटीझेड म्हणजे तेच!

खरी अडचण तिथेच आहे. पीटीझेड गाबा-ए रिसेप्टर, म्हणजे मेंदूतल्या पेशींना शांत करणारं दार, अडवतं आणि मेंथॉल तोच रिसेप्टर चालू करतं. मग उंदरांत मेंथॉल सरस ठरलं, तर दोघांची एकाच दारात झटापट झाली, एवढंच कळतं. २००८ च्या ज्या पेपरवर तुझी सगळी भिस्त आहे, त्याच्या लेखकांनीही पीटीझेडवर न थांबता किंडलिंग, म्हणजे मेंदूला पुन्हापुन्हा सौम्य वीज देऊन फिट आणणं, केलं होतं. तू निदान विजेच्या झटक्याची चाचणी तरी घाल.

रोटारॉड, म्हणजे उंदराचा तोल तपासणारा फिरता दांडा, तर टाळूच नकोस. गुंगलेल्या उंदराचे झटकेही कमी दिसतात. ज्या डोसला तो त्या दांड्यावरून घसरतो, त्या डोसचं यश धरायचं नाही. मेंथॉलने बेडकाच्या पिल्लांना भूल चढते, तेव्हा ही शंका उगाच नाही. तापमानही दर वेळी टिपून ठेव, कारण मेंथॉल कातडीला गार लागतं, पण उंदराचं अंग आतून तापवतं. शिवाय बाटलीवरचं अधिक-उणे चिन्ह बघूनच माल मागव, कारण मेंथॉलची एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं असतात. पुदिन्यातलं मेंथॉल उणे, आणि गाबा-ए वर जोर जास्त अधिक-मेंथॉलचा.

तुझ्या मावशीने तिच्या फिट येणाऱ्या मुलाला पुदिन्याचं तेल द्यायचं का, असं विचारलंय ना? देऊ नये. डॉक्टरांच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत आणि कापराचा बाम त्याच्या हाताला लागेल असा ठेवायचा नाही. तुझ्या प्रयोगाचा त्याला आज काही उपयोग नाही, हेही तूच तिला सांग. माझ्यापेक्षा तुझं ती ऐकेल.

कळावे.
तुझे सर