बाहेरच्या हवेच्या तापमानाचा प्रोब कुठे बसवावा?

प्रश्न : दोन आसनांचं, पुढे इंजिन असलेलं अॅल्युमिनियमचं विमान बांधतो आहे. तापमानाचा प्रोब (सेन्सर) कॉकपिटला हवा देणाऱ्या बाजूच्या एनएसीए डक्टमध्ये (पत्र्यात खोलगट बसवलेल्या हवेच्या तोंडात) बसवला तर वायर कमी लागेल. चालेल का?

उत्तर : तिथे बसवू नका. काउलिंगमधून (इंजिनावरच्या आवरणातून) निघालेली गरम हवा विमानाच्या पोटाखालून आणि दोन्ही बाजूंनी पत्र्याला चिकटून मागे जाते, आणि तीच डक्टमध्ये शिरते. व्हेंट बंद केलात की डक्टमधला प्रवाह थांबतो. मग प्रोब आतल्या उबेचंच तापमान दाखवत राहतो.

आमची पसंती पंखाच्या खालच्या बाजूला, टोकाकडच्या तपासणीच्या झाकणाला. तिथे ऊन लागत नाही, प्रोपेलरचा झोत आणि इंजिनाची हवा पोचत नाही, आणि भोक चुकलं तर फक्त झाकण बदलावं लागतं. मात्र गरम होणाऱ्या पिटॉटच्या (वेग मोजणाऱ्या नळीच्या) थेट मागे नको, स्टॅटिक पोर्टच्या (बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या छिद्राच्या) पुढे तर नकोच.

०.६ मिमीच्या पत्र्यावर प्रोब थरथरतो आणि भोकाच्या कडेला तडे जातात. आतून १ मिमीचा जोडपत्रा चार रिव्हेटांनी लावा, भोकाची कड घासून घ्या. पत्र्याची उष्णता प्रोबमध्ये उतरू नये म्हणून मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. प्रोबला बॉडीतून अर्थिंग लागत असेल तर वायर वेगळी ओढा. झाकण उघडता यावं म्हणून आत फूटभर वायर सैल ठेवा आणि कनेक्टर लावा. स्ट्रोबच्या (लुकलुकणाऱ्या दिव्याच्या) वायरीपासून लांब राहा. प्रोब थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांच्या जोडाचा) असेल तर पुढची वायरही त्याच जातीची हवी. दोन वायरींच्या पीटी १०० मध्ये (तापमानाने रोध बदलणाऱ्या प्लॅटिनमच्या प्रोबमध्ये) वायरीचा ०.४ ओहम रोधही साधारण १ अंशाची चूक देतो.

बसवण्याआधी प्रोब बर्फाचा चुरा आणि पाण्याच्या मिश्रणात ढवळत धरा. ० अंश दिसायला हवेत. उड्डाणात एकाच उंचीवरचे दोन आकडे टिपा : एक हळू चढताना, एक क्रूझमध्ये (सरळ, एकसारख्या वेगाने जाताना). चढताना वेग कमी, म्हणून आकडाही किंचित कमी यावा. जास्त आला तर इंजिनाची हवा प्रोबपर्यंत येते आहे, जागा बदला.

प्रश्न : वेग वाढला की तापमान वाढतं. प्रोब बिघडला का?

उत्तर : नाही. प्रोबला अडून थांबणारी हवा तापते. पूर्ण थांबली तर १०० नॉटला १.३, १५० ला ३ आणि २०० ला ५.३ अंशांची वाढ होते. प्रत्यक्षात थोडी कमी दिसते. डिस्प्ले ही वाढ आपोआप वजा करत असेल तर तुम्ही पुन्हा करू नका. ट्रू एअरस्पीडमध्ये (हवेतल्या खऱ्या वेगात) ५ अंशांच्या चुकीने १ टक्काही फरक पडत नाही. खरा धोका ढगात आहे : पडद्यावर ३ अंश दिसत असताना बाहेर ० असेल, तर पंखावर बर्फ धरू शकतो.