आईच्या डोळ्यात आतून तीळ निघालाय. गाठच आहे, तर डॉक्टर काढत का नाहीत?

तुम्ही लिहिलंय की आईंना दिसायला काही त्रास नाही, रिपोर्टवर 'कोरॉइडल नेव्हस' आहे आणि डॉक्टर 'सहा महिन्यांनी या' म्हणून मोकळे झाले. मी डॉक्टर नाही. पण हाच शब्द २०१९ पासून माझ्या फाईलवर आहे, उजव्या डोळ्यासाठी.

मी गेलो होतो चाळिशीचा नंबर काढायला. थेंब टाकून अर्धा तास डोळे मिटून बसवलं. मग हनुवटी टेकवून "वर बघा, नाकाकडे बघा, आता खाली", आणि खाली बघताना डॉक्टर जे थांबले ते थांबलेच. त्या मिनिटभरात मी मनातल्या मनात मृत्युपत्रही करून टाकलं.

पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, मागे रक्तवाहिन्यांचा एक थर असतो, कोरॉइड. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी असतात तशाच तिथेही असतात. त्या एका जागी जमल्या की झाला तीळ, म्हणजेच नेव्हस. तो पडद्यामागे असल्यामुळे काढायला जायचं म्हणजे धडधाकट नजर पणाला लावायची. म्हणून कोणी हात लावत नाही, फक्त नजर ठेवतात.

कॅन्सर? गोऱ्या लोकांबद्दलचा अमेरिकेतला एक अंदाज असा, की वर्षाला आठ-नऊ हजार तिळांमागे एखादा बिघडतो. आपल्याकडे तर हा कॅन्सर मुळातच कमी. आणि झालाच तरी दर वेळी डोळा काढत नाहीत. किरणोत्सारी चकती काही दिवस डोळ्याला बाहेरून शिवून ठेवतात. रुथेनियमची अशी चकती आपल्या ट्रॉम्बेच्या बीएआरसीनेही (भाभा अणुसंशोधन केंद्र) बनवली आहे.

डॉक्टर बघतात ते हे: जाडी २ मिमीच्या वर गेली का, पडद्याखाली पाणी साचलंय का, तिळावर नारिंगी छटा आहे का, डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या किती जवळ आहे. माझ्या रिपोर्टात 'ड्रुसेन' वाचून मी घाबरलो होतो. ते पिवळे ठिपके बहुधा तीळ जुना असल्याची खूण असतात, म्हणजे उलट दिलासाच.

माझी चूक सांगतो. पहिल्या दवाखान्यात फोटो काढलाच नाही, केसपेपरवर तपकिरी पेन्सिलीने एक गोल काढून दिला आणि मीही मागितला नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "आधी केवढा होता?" मी तो गोल दाखवला. त्यांनी कपाळाला हात लावला. तुलना करायला काहीच नाही, म्हणून चार-चार महिन्यांनी फेऱ्या घालाव्या लागल्या. आईंचा फंडस फोटो (पडद्याचा फोटो), ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) आणि सोनोग्राफी केली असेल तर तिची मापं आजच मागून घ्या.

एक मात्र खरं, 'साधी गाठ' म्हणजे ती पसरणार नाही, एवढंच. नजरेला त्रास देणारच नाही असं नव्हे. रक्तवाहिन्यांची हिमँजिओमा नावाची गाठ साधीच असते, पण पाझरून दिसणं अंधूक करते. तिला उपचार लागतात. म्हणून आईंना अचानक चमक दिसली, कोपऱ्यात सावली आली किंवा दाराची चौकट वाकडी दिसायला लागली, तर सहा महिने थांबू नका.

तपासणीला सोबत जा, थेंबांनंतर उन्हात डोळे उघडवत नाहीत. माझ्या तिळाची जाडी मागच्या वेळी १.१ मिमी भरली, तीन वर्षांपूर्वी होती तेवढीच. आता वर्षाने बोलावलंय.