एक टक्का मागितला, सगळंच गळालं

प्रश्न : सर, मी खानापूरची, बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एनएस-३ या नेटवर्कची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पॅकेटं (डेटाचे तुकडे) मुद्दाम गाळणाऱ्या रेट एरर मॉडेलला ०.०१ दर दिला. शंभरात एखादं पॅकेट गळायला हवं, तर हजार बाइटांचं एकही पोचत नाही. कुठं चुकलं?

उत्तर : अगं, दर ठीक आहे, एकक बघ. या मॉडेलचं मूळ एकक पॅकेट नाही, बाइट आहे. म्हणजे प्रत्येक बाइटमागे एक टक्का धोका. हजारच्या हजार बाइट धड उतरण्याची शक्यता ०.९९ चा हजारावा घात, लाखात जेमतेम चार! मॉडेलच्या एररयुनिट या सेटिंगमध्ये पॅकेट लिही. टिळकवाडीतल्या खोलीवर मीही यात दोन रात्री घालवल्या होत्या, आणि शिव्या दिल्या राउटिंगला, म्हणजे पॅकेटांची वाट ठरवणाऱ्या भागाला.

मग फाय-आरएक्स-ड्रॉप ट्रेस (घेणाऱ्या बाजूला गळलेल्या पॅकेटांची नोंद) लावून गळती मोज. शंभर पॅकेटांवर भरवसा नको, दहा हजार तरी पाठव, आरएनजी-रन (यादृच्छिक आकड्यांची मालिका ठरवणारा क्रमांक) बदलून पुन्हा चालव.

जांबोटीच्या झाडीतली वायरलेस लिंक दाखवायची असेल तर मात्र हे मॉडेल अपुरं. तिथं पॅकेटं सुटी सुटी नाही, झुंडीनं गळतात. बर्स्ट एरर मॉडेल बघ.