सेवा निर्यातीचा डॉलर कुठल्या रकान्यात जातो? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण एक छोटी टीप दिली होती, की २०२४-२५ मध्ये भारताची मालाची निर्यात साधारण ४३७ अब्ज डॉलर आणि सेवांची साधारण ३८७ अब्ज डॉलर झाली, म्हणजे सेवा आता मालाच्या अगदी जवळ येऊन पोचल्यात. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांचा प्रश्न एकच होता, जी गोष्ट दिसत नाही ती मोजतात कशी? त्यातली काही पत्रं इथे घेतेय.

प्रश्न: ताई नमस्कार. मी घरून काम करतो, ऑस्ट्रेलियातल्या एका क्लायंटचं वेब अ‍ॅप सांभाळतो आणि अधूनमधून त्यांच्या ऑनलाइन जाहिराती पण बघतो. पैसे आले की बँक दरवेळी पर्पज कोड (पैसे कशाचे ते सांगणारा कोड) विचारते. मागच्या वेळी माझं उत्तर जायच्या आधीच त्यांनी पी१३०१ टाकून पैसे जमा करून टाकले. पैसे तर मिळाले, मग कोडचा एवढा बाऊ कशाला? तो बघतं तरी का कोणी? (फ्रीलान्सर, कोल्हापूर)

उत्तर: बघतात हो, आणि तुमच्या कामाचा देशाच्या हिशोबात बहुतेक तेवढाच पुरावा असतो. मालाचं बरं असतं, न्हावाशेवाला कंटेनर आला की शिपिंग बिल बनतं, एचएस कोड (माल कुठल्या प्रकारचा ते सांगणारा आकडा) लागतो, वजन, किंमत, कुठल्या देशात चाललाय ते सगळं कस्टम्सकडे नोंदवलं जातं. तुम्ही रात्री अकराला लॅपटॉपवरून जे काम पाठवलंत त्याच्या वाटेत कस्टम्स येतच नाही. ते देशाला पहिल्यांदा दिसतं ते पैसे बँकेत येतात तेव्हा. बँका परकीय चलनाचे व्यवहार कोडसकट रिझर्व्ह बँकेला कळवतात आणि त्यातून सेवा व्यापाराच्या आकड्यांचा मोठा भाग उभा राहतो.

आता पी१३०१ म्हणजे काय तर परदेशात राहणाऱ्या भारतीयाने कुटुंबाच्या खर्चासाठी पाठवलेले पैसे. म्हणजे कागदावर तुम्ही काम केलंच नाही, कोणीतरी नातेवाइकाने घरखर्चाला पैसे धाडले, आणि तुमची कमाई सेवा निर्यातीतून उठून रेमिटन्समध्ये जाऊन बसली. सॉफ्टवेअरच्या कामाला (सॉफ्टेक्स, म्हणजे सॉफ्टवेअर निर्यात जाहीर करायचा फॉर्म, त्यात न जाणाऱ्या) पी०८०२ आहे, जाहिरातीच्या कामाला पी१००७ आहे, त्यामुळे दोन कामांची इन्व्हॉइस वेगळी काढलीत तर उत्तम. मागच्या वेळचं पण सोडून देऊ नका, इन्व्हॉइस जोडून बँकेला लेखी कळवा, कोड दुरुस्त करून नवीन एफआयआरए (परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा कागद) मागा, उद्या जीएसटीमध्ये निर्यात दाखवायची वेळ आली की हाच कागद लागणार आहे.

अजून एक, जे तुम्ही विचारलं नाहीये पण मला फार महत्त्वाचं वाटतं. काही जण फ्रीलान्सिंगच्या प्लॅटफॉर्ममार्फत काम करतात. क्लायंट १००० डॉलर देतो, प्लॅटफॉर्म समजा १०० कापून घेतो आणि आपल्या खात्यात ९०० येतात. नियमाने बघितलं तर भारताची निर्यात १००० ची आणि प्लॅटफॉर्मची सेवा आपण विकत घेतली ती १०० ची आयात. बँकेला मात्र ९०० च दिसतात, म्हणजे दोन्ही बाजू शंभरने कमी. एका माणसाचं काही नाही, पण असे लाखो लोक धरले की आकडा हलतो. शिवाय काम मार्चमधलं आणि पैसे मेमध्ये आले तर बँकेच्या नोंदीत ते मेमध्येच दिसणार, म्हणून एखाद्या महिन्याची उडी किंवा घसरण बघून लगेच निष्कर्ष काढू नये.

प्रश्न: मॅडम, मी एमए इकॉनॉमिक्सला आहे, भारत-अमेरिका सॉफ्टवेअर सेवा व्यापारावर प्रोजेक्ट घेतलाय. भारताचा निर्यातीचा आकडा आणि अमेरिकेचा आयातीचा आकडा जुळतच नाहीत, थोडाथोडका नाही, प्रचंड फरक आहे. गाइड म्हणतात कुठलातरी एक घे आणि पुढे चल. कुठला घेऊ? (विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: तुझ्या गाइडचा मान ठेवून सांगते, एवढ्यात एक घेऊन पुढे जाऊ नकोस, हा फरक हाच तुझा प्रोजेक्ट होऊ शकतो.

हे भांडण जुनं आहे. अमेरिकी संसदेसाठी काम करणारं जीएओ नावाचं कार्यालय आहे, त्यांनी २००५ मध्ये यावर अख्खा रिपोर्ट काढला होता. २००३ सालासाठी अमेरिकेच्या आकड्यात भारताकडून घेतलेल्या बिझनेस, व्यावसायिक आणि तांत्रिक सेवा होत्या ४२ कोटी डॉलरच्या, आणि भारत म्हणत होता आम्ही अमेरिकेला साधारण ८७० कोटी डॉलरच्या सेवा विकल्या. वीसपट! यात कोणी खोटं बोलत नव्हतं हे आधी लक्षात घे.

मग फरक कुठून आला? अमेरिकेच्या त्या आकड्यात फक्त एकमेकांशी मालकीचं नातं नसलेल्या कंपन्यांमधले व्यवहार होते, म्हणजे अमेरिकी कंपनीने भारतातल्या स्वतःच्याच सेंटरकडून काम करून घेतलं तर ते त्या रकान्यात येत नव्हतं, भारताच्या आकड्यात ते होतं. माणसांचा प्रश्न वेगळाच. हिंजवडीतल्या कंपनीने इंजिनिअर न्यू जर्सीला क्लायंटकडे दोन वर्षं बसवला. भारताच्या दृष्टीने कंपनी क्लायंटला बिल लावते, सेवा निर्यात झाली. अमेरिकेच्या दृष्टीने वर्षापेक्षा जास्त राहिलेला माणूस हा त्यांचा रहिवासी, त्याचा पगार म्हणजे देशातल्या देशातला व्यवहार, आयात कसली? मशीनबरोबर आलेलं सॉफ्टवेअर अमेरिका मालात धरायची, आपण सेवेत. आणि पद्धतच वेगळी ना, आपल्याकडे बँकेची नोंद आणि सॉफ्टेक्स, तिकडे कंपन्यांना सर्व्हे पाठवतात, आणि कुठली कंपनी परदेशातून सेवा विकत घेते हे आधी शोधून काढणं हेच तिथे अवघड काम, जी सुटली ती सुटली. नंतर अमेरिकेने मालकीचं नातं असलेल्या कंपन्यांमधले व्यवहार पण सेवेच्या प्रकारानुसार द्यायला घेतले, तरी अंतर आजही मोठंच आहे.

आणि हे फक्त आपलंच नाही बरं का. ब्रिटन आणि अमेरिका, दोघांचीही सांख्यिकी खाती नावाजलेली, आणि सेवा व्यापारात दोघंही म्हणतात की समोरच्याबरोबर आम्हीच सरप्लसमध्ये आहोत, म्हणजे विकतो जास्त आणि घेतो कमी. दोघं एकाच वेळी कसे असतील? त्यातलं एक कारण म्हणजे जर्सी, गर्न्सी आणि आइल ऑफ मॅन ही बेटं, अमेरिका ती ब्रिटनमध्ये धरते, ब्रिटन स्वतःच्या हिशोबात धरत नाही. तिथे फायनान्सचा धंदा मोठा असल्याने एवढ्याने पण आकडा बदलतो.

तुझ्या प्रोजेक्टसाठी मी काय करेन सांगते. रिझर्व्ह बँक सॉफ्टवेअर आणि आयटी आधारित सेवांच्या निर्यातीचा दरवर्षी वेगळा सर्व्हे करते, त्यात देशवार वाटा असतो (अमेरिकेचा निम्म्याहून जास्त) आणि सेवा पुरवण्याचे प्रकार, ज्यांना मोड म्हणतात, ते पण असतात. २०२३-२४ चा आकडा घे, परदेशातल्या उपकंपन्यांची विक्री सोडून १९०.७ अब्ज डॉलर, ती धरून २०५.२ अब्ज. एकच सर्व्हे, एकच वर्ष, तरी दोन उत्तरं, कारण प्रश्न दोन आहेत. पुण्यातल्या कंपनीची टेक्सासमधली उपकंपनी ही अमेरिकेची रहिवासी, तिने तिथल्या बँकेला सॉफ्टवेअर विकलं तर बॅलन्स ऑफ पेमेंटमध्ये, म्हणजे देशाच्या बाहेरच्या जगाशी होणाऱ्या व्यवहारांच्या हिशोबात, ती भारताची निर्यात नाहीच, पण डब्ल्यूटीओच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या) सेवा कराराच्या भाषेत तो मोड ३, म्हणजे परदेशात दुकान थाटून दिलेली सेवा. आणि मोड ३ किरकोळ नाहीये, डब्ल्यूटीओच्या अंदाजाने २०१७ मध्ये जगातल्या सेवा व्यापाराचा जवळपास ५९ टक्के भाग याच वाटेने झाला, आणि नेहमीच्या व्यापार आकड्यांत तो दिसतच नाही. त्यामुळे अमेरिकेचा आकडा समोर ठेवताना आपली कुठली बाजू त्याच्याशी लावायची ते आधी ठरव, मग फरकाचे तुकडे पाड, कुठला तुकडा कशामुळे. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च आणि त्यांचं जानेवारी ते डिसेंबर हे विसरू नकोस, आणि वाढीचा दर डॉलरमध्येच काढ, रुपयात काढलास तर रुपया घसरला तेवढं पण वाढ म्हणून दिसेल.

ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) आणि डब्ल्यूटीओचा बीएटीआयएस नावाचा डेटासेट पण सापडेल तुला, त्यात दोन्ही बाजू जुळवून दिलेल्या असतात म्हणून विद्यार्थ्यांना तो फार आवडतो. वापर, पण जुळवलेला आणि अंदाजाने भरलेला आकडा म्हणजे कोणी प्रत्यक्ष मोजलेला आकडा नाही हे प्रोजेक्टमध्ये स्पष्ट लिही. परीक्षकांनी विचारायच्या आधी तूच लिहिलंस तर कामाला वजन येईल.

प्रश्न: माझा मोठा मुलगा कतारला सहा वर्षं नोकरीला आहे, धाकटा परदेशी कंपनीच्या जहाजावर आहे, आठ-नऊ महिने जातो आणि परत येतो. दोघंही पैसे पाठवतात. पुतणी जर्मनीत शिकते, तिचे पैसे आम्ही पाठवतो. पेपरात सेवा निर्यात वाचलं की वाटतं आमची मुलं यात धरली असतील. धरली आहेत का? (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर: गुरुजी, दोन्ही मुलं सेवा निर्यातीत नाहीत, आणि गंमत बघा, दोघांचे पैसे वेगवेगळ्या जागी जातात. थोरला वर्षाहून जास्त तिकडे राहिला म्हणून आकडेवारीच्या नियमाने तो कतारचा रहिवासी झाला, पासपोर्ट भारताचा असला तरी. त्याने घरी पाठवलेले पैसे म्हणजे रेमिटन्स. २०२३-२४ मध्ये देशात असे ११८.७ अब्ज डॉलर आले, आणि रिझर्व्ह बँकेच्या सर्व्हेत त्यात महाराष्ट्राचा वाटा सगळ्यात मोठा, वीस टक्क्यांच्या आसपास, केरळच्याही थोडा पुढे. धाकट्याचं घर रत्नागिरीत, जहाज म्हणजे त्याची कामाची जागा, त्यामुळे तो भारताचाच रहिवासी, आणि परदेशी कंपनीकडून मिळणारा त्याचा अख्खा पगार ‘कर्मचाऱ्यांचं वेतन’ या प्राथमिक उत्पन्नाच्या (म्हणजे पगार, व्याज, नफा अशा कमाईच्या) रकान्यात जातो, घरी किती पाठवला ते तिथे बघत नाहीत. उद्या एखाद्या भारतीय कंपनीने कतारमध्ये काही महिन्यांचं वायरिंगचं काम घेतलं, आपली माणसं नेली आणि तिकडच्या मालकाला बिल लावलं, तर ती मात्र सेवा निर्यात. काम तेच, हातही आपल्याच माणसांचे, फरक एवढाच की बिल कोण लावतं.

पुतणीचं उलट आहे. विद्यार्थी कितीही वर्षं बाहेर राहिला तरी तो मायदेशाचाच रहिवासी धरतात, तसा खास नियम आहे. म्हणून तिची फी, हॉस्टेल, खाणंपिणं हे सगळं भारताची सेवा आयात, आणि तेही ‘प्रवास’ या सदरात, शिक्षणाच्या नाही. बँकेत पाठवताना एस०३०५ कोड लागत असेल बघा, तो याचाच. तिने तोच कोर्स घरी बसून ऑनलाइन केला असता तर फी दुसऱ्याच रकान्यात गेली असती.

प्रश्न: आमचा मांद्रे इथे होमस्टे आहे, सीझनला परदेशी गेस्ट असतात. टुरिझम म्हणजे निर्यात असं भाषणांत ऐकतो, मग आमचे सीए जीएसटीमध्ये ही निर्यात नाही, टॅक्स लागणार असं का म्हणतात? कोण बरोबर? (होमस्टे चालक, गोवा)

उत्तर: दोघंही बरोबर. जीएसटी विचारतो सेवा वापरली कुठे, आणि खोलीच्या बाबतीत जिथे ती इमारत उभी आहे तीच जागा धरतात, म्हणजे गोवा, म्हणून निर्यात नाही. बॅलन्स ऑफ पेमेंट विचारतं पैसे देणारा कुठला रहिवासी, तो इंग्लंडचा असेल तर निर्यात झाली. नुसती खोलीच नाही, त्याने खाल्लेली फिश थाळी, स्कूटरचं भाडं, मार्केटमधून स्वतःसाठी घेतलेले कपडे, काजू, सगळं ‘प्रवास’ निर्यातीत. विमानाचं तिकीट मात्र नाही, ते वाहतुकीत जातं, आणि तो परदेशी कंपनीच्या विमानाने मोपाच्या विमानतळावर उतरला असेल तर त्या तिकिटात भारताची निर्यात शून्य.

असंच एक उलटं उदाहरण पण आहे. परदेशी कंपनीची भारतातली शाखा आपल्याच हेड ऑफिसला सेवा देते तेव्हा जीएसटी तिला निर्यात मानत नाही, कायद्याने दोघी एकच संस्था म्हणून, पण बॅलन्स ऑफ पेमेंटमध्ये ती पक्की निर्यात. त्यामुळे जीएसटीचा निर्यातीचा आकडा आणि रिझर्व्ह बँकेचा आकडा शेजारी ठेवून कोणी घोटाळा घोटाळा म्हणून ओरडत असेल तर लगेच विश्वास ठेवू नका.

प्रश्न: अकरावी-बारावीच्या मुलांना ताजे आकडे दाखवायचे असतात, कुठून घ्यावेत? दरवेळी वेगळेच मिळतात. (ज्युनिअर कॉलेज शिक्षिका, नाशिक)

उत्तर: वेगळे मिळतात त्याचं मुख्य कारण सांगते. वाणिज्य मंत्रालय साधारण महिन्याच्या मध्याला मागच्या महिन्याचे आकडे देतं, त्यात मालाचा आकडा कस्टम्सवरून आलेला असतो पण सेवांचा ताजा आकडा हा अंदाज असतो, खाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलं पण असतं, आणि रिझर्व्ह बँकेचा आकडा आला की तो बदलतात. पेपरात हेडलाइन पहिल्या आकड्याची होते, बदललेला कोणी छापत नाही. म्हणून वर्गासाठी चालू महिना सोडून द्या आणि रिझर्व्ह बँकेच्या डेटाबेसमधून तिमाही बॅलन्स ऑफ पेमेंटचा तक्ता घ्या, त्यात वाहतूक, प्रवास, विमा, सॉफ्टवेअर असं फोडून दिलेलं असतं. इतर देशांशी तुलना करायची असेल तर डब्ल्यूटीओच्या आकड्यांच्या साइटवर सगळे देश एकाच वर्गवारीत मिळतात. आणि फळ्यावर लिहिताना अब्ज म्हणजे १०० कोटी हे एकदा मुलांकडून करून घ्या, बातमीतला बिलियन मराठीत आणताना तिथेच जास्त चुका होतात.